उशिराची माफी

कन्नमवार नगर, तळमजला, शनिवारची रात्र.
ताटं सरकवून मी कागद पसरते.
बाबा म्हणतात, "वाच. मराठीत वाच."

नॉट अ‍ॅट्रिब्युटेबल.
या शब्दाला मी चार दिवस मराठी शोधतेय.
कारणीभूत नाही, हे फार कोर्टातलं.
संबंध नाही, हे लग्न मोडल्यासारखं.
शेवटी म्हणते, "मधुमेह नोकरीनं दिलेला नाही, बाबा,
आणि नोकरीनं वाढवलेलाही नाही.
असं बोर्डाचं म्हणणं."

ते बडीशेप चघळत राहतात.
"मग दिला कुणी?"

तेही लिहिलंय. घराण्यानं.
जबलपूरला एका डॉक्टरनं विचारलं होतं,
वडिलांना साखर होती का?
बाबा म्हणाले, माहीत नाही.
माहीत नाही असा रकाना नव्हता.
होय किंवा नाही.
कुणीतरी होयवर खूण केली.
आजोबा एक्केचाळिसाव्या वर्षी गोदीत गेले,
क्रेनचा पट्टा तुटला, साबणाच्या खोक्यांखाली.
त्यांचं रक्त कुणी तपासलं नाही.
त्यात काय होतं
ते त्या धक्क्याच्या फरशीला ठाऊक.

दुसरं कारण: आजार सापडला तेव्हा
ठाणं शांततेचं होतं.
खरं आहे. जबलपुरात शांतता होती.
झाडाखाली खाट, आठवड्याला सिनेमा.
त्याआधीचे दोन हिवाळे तंगधारच्या वरच्या चौकीत,
जिथं शाई गोठायची म्हणून
पहाऱ्याची वही पेन्सिलीनं लिहायची,
जिथं घसा सुकायचा आणि बर्फ वितळवायला
रॉकेल मोजून मिळायचं.
रात्रीतून पाच वेळा उठणं
तिथं कुणी लक्षण मानलं नाही.
सगळेच उठत. थंडी होती. पहारा होता.

मी अर्जात लिहिलं:
हरवलेला माणूस ज्या गावात सापडतो
त्या गावचा नसतो.
रेगे वकीलबाईंनी ती ओळ काढली.
मग पुन्हा वाचली, आणि स्वतःच्या डायरीत
उतरवून घेतली.

अर्जासोबत आणखी एक अर्ज लागतो.
उशीर माफ व्हावा, म्हणून.
सहा वर्षं, दोन महिने, अकरा दिवस.
चोवीस वर्षांत ज्याची हजेरी
एकदाही उशिरा लागली नाही
त्या हवालदार बाळाराम केरू लोहकरे यांनी
सही करायची की मला उशीर झाला, क्षमा असावी.
कारणापुढे मी लिहिलं: अज्ञान.
बाबांनी पेन घेतलं आणि खोडलं.
"अज्ञान नाही. हुकूम होता."
"कसला हुकूम?"
"पत्रात होतं ना, निर्णय अंतिम आहे.
मला वाटलं, अंतिम म्हणजे अंतिम."

सोमवारी पहाटे ते दोन्ही बुटांना पॉलिश करतात.
डाव्यात पुढे कापूस भरतात,
अश्विनी इस्पितळात राहिलेल्या दोन बोटांच्या जागी.
मुलुंडच्या एटीएमबाहेर रात्रभर उभं राहून आलेत,
तरी बसमध्ये बसत नाहीत,
पँटची घडी मोडेल.

लवादाच्या खोलीत आमचं काम चार मिनिटांचं.
साहेब पान उलटतात, बाबांच्या पायांकडे बघत नाहीत.
"उशीर माफ. सरकारनं उत्तर द्यावं."
बाबा सावधानमध्ये उभे,
त्यांना कुणी विश्राम म्हटलेलं नाही.
मी बाही ओढते.

बाहेर फूटपाथवरून आईला फोन लावते.
ती ऐकते आणि सवयीनं म्हणते,
"त्या साहेबांच्या तोंडात साखर पडो!"
आणि गप्प होते.
बाबा फोन माझ्या हातातून घेतात.
"पडू दे त्यांच्या. मला नको,"
आणि इतके हसतात की स्टॅम्पवाला वर बघतो.

मग भिंतीला टेकून बूट काढतात,
कापूस नीट बसवतात.
खिशातून वही.
"तारीख सांग."
तेवीस फेब्रुवारी.
माझ्या पर्समध्ये तीन पेनं आहेत, मी एक पुढे करते.
ते मान हलवतात,
आणि कानामागची पेन्सिल काढतात.